लुगडे कुणाला लहान होत नाही

भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांतून लग्नसराई सुरू झाली की एक गोष्ट दर वर्षी घडते. घरातली सगळी माणसे आवरून टेम्पोत बसतात आणि एक बाई दारातच थांबते. म्हणते, "तुम्ही व्हा पुढे. माझे डोके दुखते आहे."

डोके दुखत नसते. मागच्या वर्षी शिवलेला ब्लाऊज यंदा दंडात अडकलेला असतो. साडीला निऱ्या पुरत नसतात. मागच्या लग्नात कुणीतरी चार बायकांत हसत हसत टोमणा मारलेला असतो, तो मनातून गेलेला नसतो. म्हणून ती घरी राहते. पुढे ती शाळेतल्या पालकसभेला जात नाही, बचत गटाच्या सभेत मागच्या रांगेत बसते, विहारात जयंतीच्या दिवशी बोलायला उठ म्हटले तर उठत नाही. एका ब्लाऊजपायी ती बाई हळूहळू समाजातून वजा होते.

भगिनींनो, अशी बाई आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत आहे. कदाचित हे पान वाचणारी तीच असेल. हा लेख तिच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जाड असणे हा काही एकटीदुकटीचा प्रकार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये साधारण चार जणींत एक जण जादा वजनाची आढळली. बाळंतपणे, थायरॉईड, पाळी जाण्याचा काळ, बसून करायचे काम, घरात सर्वांच्या शेवटी उरेल ते आणि उरेल तेवढे खाण्याची सवय, अशी त्याची कारणे अनेक आहेत. वजनाची तपासणी जरूर करावी. आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी. पण "आधी बारीक होते, मग चांगले कपडे शिवते" असे म्हणून दहा वर्षे फाटक्या गाऊनवर काढणे हा तपासणीचा भाग नाही. आज जो देह आहे, त्याला आजच नीट कपडा हवा.

हा हुकूम कोणाचा?

कपडा कसा नेसावा हे दुसऱ्याने ठरवायचे आणि आपण मान खाली घालून ऐकायचे, ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना नवी नव्हती. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात हे लिहून ठेवले आहे. सवर्ण बायकांच्या लुगड्याचे काठ निऱ्यांवर दिसत. महार बाईने मात्र ते काठ निऱ्यांच्या आत दडवून नेसायचे असा दंडक होता. पैसे तिचे, लुगडे तिचे, पण काठ दाखवायची मुभा नाही! केरळकडच्या त्रावणकोर संस्थानात तर नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ साली तिथल्या राजाला त्यांना तशी परवानगी देणारा जाहीरनामा काढावा लागला.

आपल्या भागातून वरंध घाट उतरला की महाड येते. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे सत्याग्रह परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि त्यात कपड्यांचा विषय काढला, हे पुष्कळांच्या लक्षात राहिलेले नाही. लुगडे नेसण्याची ती ठरवून दिलेली पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांचे सांगणे होते. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असावा, आणि तुम्ही काय नेसावे यावर बंदी घालण्याचा अधिकार कुणालाही नाही, हा त्या भाषणाचा आशय होता. स्त्रियांनी ते नुसते ऐकून सोडून दिले नाही. तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. चळवळीतल्या टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीने नेसायला मदत केली.

हे आज सांगायचे कारण असे की, काठ दडवायचा हुकूम गेला, पण अंग दडवायचा हुकूम आला आहे. "जाड बाईने भडक रंग घालू नये. जाड बाईने मोठ्या फुलांची साडी घेऊ नये. जाड बाईने ड्रेस घालू नये. जाड बाईने काळेच घालावे म्हणजे बारीक दिसते." हे नियम कुणी केले? टीव्हीवाल्यांनी, जाहिरातवाल्यांनी आणि आपल्याच आळीतल्या चार जिभांनी. जातीचा छळ आणि जाडीचा टोमणा या दोन गोष्टी सारख्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. तो डोंगर होता, हा खडा आहे. पण खडा चपलेत असला तर चालणे थांबतेच. आणि दोन्हींवर उत्तर एकच आहे: माझ्या अंगावर काय शोभते ते मी ठरवणार.

निऱ्या का पुरत नाहीत? एक साधा हिशेब

आपल्या आज्या नऊवारी नेसत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कासोटा घालून वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी करणारी बाई बारीक असो की जाड, तिला लुगडे पुरत असे. बाळंतपणाआधी तेच, बाळंतपणानंतरही तेच. लुगडे कुणाला लहान होत नाही. कारण ते अंगाच्या मापाने गुंडाळले जाते, अंग त्याच्या मापाने कोंबावे लागत नाही. कपडा देहासाठी असतो, देह कपड्यासाठी नसतो, ही अक्कल त्या जुन्या लुगड्यात होती.

मग सहावारी आली. सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. आता हिशेब पाहा. जिचा कमरेखालचा घेर ३६ इंच आहे, तिच्या पहिल्या फेऱ्याला एक मीटरच्या आत साडी लागते. जिचा घेर ४८ इंच आहे, तिला सव्वा मीटर लागते. दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा तेवढाच फरक पडतो. छातीवरून पदर घेताना आणखी थोडी साडी जाते. म्हणजे बारीक बाईला निऱ्यांसाठी पावणेदोन मीटर उरते, तर जाड बाईला जेमतेम एक मीटर. चार बोटे रुंदीच्या एका निरीला साधारण वीस सेंटिमीटर कापड जाते. एकीच्या आठ निऱ्या होतात, दुसरीच्या पाच. चालताना साडी पायात ओढली जाते, पोटावर ताणते, आणि बाई म्हणते, "मला साडी शोभतच नाही." शोभत नाही असे नाही. कापड कमी पडते.

यावर उपाय सोपे आहेत.

साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीस कापू नये. तो साधारण ऐंशी सेंटिमीटरचा असतो. बहुतेक साड्यांत तो आतल्या टोकाला असतो, म्हणजे पहिल्या फेऱ्यात आत दडतो. त्याचा रंग वेगळा असला तरी दिसत नाही. तो तसाच ठेवला की चार निऱ्या जास्त मिळतात. ब्लाऊजसाठी कापड वेगळे घ्यावे. साध्या सुती कापडाला फार पैसे पडत नाहीत, आणि दोन-तीन साड्यांवर चालेल असा एक रंग निवडला तर उलट बचतच होते.

दुकानात साडी घेताना "लांबी किती?" हे विचारायला लाजू नये. ब्लाऊजपीस धरून सव्वासहा-साडेसहा मीटरच्या साड्या मिळतात. दुकानदाराला मोजून दाखवायला सांगावे. भाजी घेताना आपण काटा बघतोच ना?

निऱ्या रुंद घेण्यापेक्षा चार बोटांच्या, सारख्या आणि एकावर एक बसवलेल्या घ्याव्यात, आणि खोचण्याआधी एक पिन लावावी. पोटाच्या मधोमध गठ्ठा येऊ देऊ नये. नेसायला सुरुवात करण्याआधी पायात चप्पल घालावी, म्हणजे साडीची उंची बरोबर येते.

साडीचा पोत पाहावा. कडक, फुगणारी साडी घेराभोवती उभी राहते. मऊ सुती, क्रेप, जॉर्जेट अशी अंगावर पडणारी साडी चालायला सोपी जाते. रंगाला मात्र कोणतीही बंदी नाही. लाल आवडतो, लाल घ्या. निळा तर आपलाच आहे.

ब्लाऊज: अर्धे सुख त्यात आहे

साडी कितीही चांगली असली तरी ब्लाऊज काचला की बाईचे लक्ष दिवसभर ब्लाऊजकडेच राहते. म्हणून पैसे थोडे असतील तर साडी हलकी घ्यावी आणि ब्लाऊज चांगला शिवून घ्यावा.

जुना घट्ट ब्लाऊज मापाला देण्याची आपली सवय आधी मोडावी. जो ब्लाऊजच चुकला आहे, त्याच्या मापाचा दुसराही चुकणार. अंगावरून माप द्यावे. छाती, छातीखालचा घेर, खांदा, मुंढा, दंडाचा घेर, बाहीची लांबी, पुढचा व मागचा गळा आणि ब्लाऊजची उंची, एवढी मापे वेगवेगळी घ्यायला सांगावीत. दंडाचे माप हात कोपरात वाकवून घ्यावे, कारण वाकवल्यावर दंड फुगतो. माप देताना श्वास रोखून पोट आत ओढू नये. टेपला फसवून काय मिळणार? आतले जे कपडे रोज घालता, तेच घालून माप द्यावे.

ऐंशी सेंटिमीटर कापडात बेताच्या अंगाचा ब्लाऊज होतो. छाती बेचाळीस-चव्वेचाळीस इंच असेल आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल तर पन्हा पाहून एक ते सव्वा मीटर कापड घ्यावे. कापड कमी नेले की शिवणारीला नाइलाजाने बाही आखूड करावी लागते, मुंढा तोकडा होतो आणि काखेत काचतो. भरलेल्या छातीला चार टक्सच्या साध्या ब्लाऊजपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट चांगला बसतो. हुकांच्या मधे फट पडत असेल तर हुक जवळ जवळ लावून घ्यावेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिवणीत आत जादा कापड ठेवायला सांगावे. अंग वर्षभरात कमी-जास्त होते. दोन्ही कुशींना पुढच्या आणि मागच्या भागांत अर्धा अर्धा इंच जरी सोडता आला, तरी छातीत दोन इंच मिळतात. तसाच बाहीच्या शिवणीतही जादा भाग ठेवावा. जुना ब्लाऊज काखेत फाटत असेल तर तो फेकू नये. काखेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा बसवला की तो आणखी दोन वर्षे चालतो.

आतल्या कपड्यांबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. छाती जड असेल तर अरुंद पट्टीची ब्रेसियर खांद्यात रुतते आणि मान-पाठ दुखत राहते. रुंद पट्टीची घ्यावी, आणि छातीखालच्या घेराचे माप माहीत करून घ्यावे. सगळा भार खांद्यावर न येता छातीखालच्या पट्ट्यावर आला पाहिजे.

ब्लाऊज घरी आणण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात. हात वर करून पाहा, एस.टी.चा वरचा दांडा धरता आला पाहिजे. खाली मांडी घालून बसा, वंदनेला बसल्यावर हुक तुटता कामा नये. पुढे वाकून पाहा, लेकरू उचलता आले पाहिजे. तिन्हींत पास झाला तरच तो तुमचा ब्लाऊज.

वस्तीत ज्या भगिनी शिवणकाम करतात, त्यांनाही एक विनंती. माप घेताना आकडा मोठ्याने ओरडू नये. चार बायका बसलेल्या असताना "बेचाळीस!" असे म्हणून हसू नये. गुपचूप वहीत लिहावे. जादा कापडाचे आणि जादा शिलाईचे पैसे खुशाल घ्या, पण टोमण्याचा भार गिऱ्हाइकावर टाकू नका. जी शिवणारी माप नीट आणि मान राखून घेते, तिच्याकडे पंचक्रोशीतल्या बायका आपोआप येतात. तो तिचा धंदाही आहे.

परकराची नाडी

आता एक आरोग्याची गोष्ट. ती नीट वाचावी.

निऱ्या सुटू नयेत म्हणून परकराची नाडी करकचून बांधायची आपल्याकडे रीत आहे. जाड बाई तर जास्तच आवळते. रात्री परकर सोडला की कमरेला काळा, खोल वळ दिसतो. त्याला खाज येते, कातडी सोलते, घाम लागून झोंबते. आपण त्यावर हळद लावतो आणि सकाळी त्याच जागी पुन्हा नाडी आवळतो.

२०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे एकाच जागी नाडी किंवा लुगड्याची गाठ आवळल्याने कमरेला जखम झाली, ती बरी झाली नाही आणि तिथे कातडीचा कर्करोग झाला. त्यांतली एक सत्तर वर्षांची होती, दुसरी साठी ओलांडलेली. दुसरी स्त्री चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे नेसत होती. हा आजार दुर्मिळ आहे, घाबरून जायचे कारण नाही. पण वळ आणि जखम यांकडे दुर्लक्ष करायचेही कारण नाही.

म्हणून बारीक नाडीऐवजी परकराला तीन-चार बोटे रुंद पट्टा लावून घ्यावा, किंवा रुंद इलॅस्टिक घालावे. नाडी असलीच तर दोन बोटे आत जातील इतकी सैल बांधावी आणि रोज एकाच जागी न बांधता थोडी वर-खाली करावी. घरी असताना परकर सैल सोडावा. कमरेची जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवावी. पुरेशा निऱ्या आणि एक पिन असली की साडी सुटत नाही. ती टिकवायला नाडीचा गळफास लागत नाही.

पावसाळ्याचे चार महिने

आपल्या भागातला पाऊस सर्वांना माहीत आहे. वेल्ह्याच्या बाजूला आणि घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. लावणीच्या दिवसांत तर दिवसभर अंगावर ओले असते. जाड अंगाला घड्या असतात, छातीखाली, काखेत, पोटाखाली आणि मांड्यांमध्ये. तिथे ओल राहिली की नायटा होतो, चामडी लाल होते.

कामावरून आल्यावर अंग धुऊन त्या जागा सुती फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. ओलसर ब्लाऊज अंगावर वाळवू नये. चुलीजवळ का होईना, पण आतले कपडे पूर्ण वाळवून किंवा इस्त्री फिरवून घालावेत. लांब चालायचे असेल तर परकराच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालावी, म्हणजे मांड्या एकमेकींवर घासून सोलत नाहीत. हा एवढा साधा कपडा कित्येक बायकांचे चालणे सुसह्य करील. नायट्यावर मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉईड मिसळलेले मलम आणू नये. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. आरोग्य केंद्रात दाखवून औषध घ्यावे आणि सांगितले तितके दिवस पुरे करावे.

पांढरी साडी

विहारातल्या कार्यक्रमाला, बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण पांढरी साडी नेसतो. जाड भगिनी सर्वांत जास्त घाबरतात ती हिलाच. "पांढऱ्यात सगळे दिसते" असे म्हणतात. ही भीती काढून टाकता येते.

पांढऱ्या साडीच्या आत पांढराशुभ्र परकर घातला की त्याची कड उलट जास्त उठून दिसते. अंगाच्या रंगाशी मिळता, बदामी किंवा तपकिरी छटेचा, जाड सुती परकर घ्यावा. तो आतून दिसत नाही. ब्लाऊजला अस्तर लावावे आणि आतली ब्रेसियरही अंगाच्या रंगाची असावी. साडीला खळ फार कडक करू नये, नाहीतर ती घेराभोवती फुगते. आपल्याकडे भात आहे. भाताची पेज गाळून, पाण्यात पातळ करून त्यात साडी बुडवली की पुरेशी खळ बसते. नीळ थोडीच घालावी, आणि नीट ढवळून, म्हणजे डाग पडत नाहीत.

ही साडी आधी घरी एकदा नेसून पाहावी. आरशात पाठ पाहावी, बसून पाहावे. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मन साडीत न राहता व्यासपीठावरच्या बोलण्यात राहते.

ड्रेस, कंपनी आणि शाळा

भोरहून शिरवळच्या कंपन्यांत, खेड-शिवापूरकडे कामाला जाणाऱ्या आपल्या पुष्कळ भगिनी आता पंजाबी ड्रेस घालतात. गाडीवर बसायला आणि मशीनवर उभे राहायला तो सोयीचाही आहे. तयार ड्रेस घेताना चिठ्ठीवरच्या एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांनी मन खट्टू करून घेऊ नये. ती मापे कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या लार्जएवढाही असतो. आपल्या देशातल्या माणसांच्या अंगाची स्वतःची मापे असावीत म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेला हजारो लोकांची अंगे मोजण्याचे काम हाती घ्यावे लागले. म्हणजे चिठ्ठी चुकीची असू शकते, तुमचे अंग नव्हे.

ड्रेस शिवून घेताना छाती, पोट आणि कमरेखालचा घेर अशी तीन मापे द्यावीत. पोटाचे माप बसून घ्यावे, कारण बसल्यावर पोट वाढते. बाजूच्या चिरा कुठून सुरू होतात ते पाहावे. घेराच्या वरच्या अंगाला चीर सुरू झाली की कुर्ता ताणत नाही. फार ढगळही शिवू नये. पोत्यासारखा कपडा अंग लपवत नाही, तो बाईलाच लपवतो.

मुलींकडे तर विशेष लक्ष द्यावे. शाळेत मिळणारा गणवेश ठरावीक मापाचा असतो. सातवी-आठवीतली अंगाने भरलेली मुलगी त्यात आखडून चालते, कवायतीला मागे राहते, स्नेहसंमेलनात भाग घेत नाही. आपल्याला वाटते ती लाजाळू आहे. तिला विचारावे, "कुठे काचते का गं?" गणवेश उसवून सैल करावा, कापड कमी असेल तर कुशीला पट्टी लावावी, शाळेत मोठ्या मापाची मागणी आधीच करून ठेवावी. गणवेशापायी मुलगी शाळेत मागे राहणे आपल्याला परवडणारे नाही.

घरच्यांना दोन शब्द

काही बांधव म्हणतील, नटण्यामुरडण्यावर एवढा लेख कशाला? शिक्षण हाच खरा दागिना आहे. ते खरेच आहे. पण बाबासाहेबांचा नीटनेटका सूट सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेच. ते रुबाबात राहिले, कारण समोरच्याने आपल्याला कमी लेखू नये, आणि आपणही स्वतःला कमी लेखू नये. इथे चैनीचा सवालच नाही. कर्ज काढून भारी साड्या घेणे आणि मानपानाच्या साड्यांचे ढीग रचणे यांना आमचा पूर्ण विरोध आहे. एक पांढरी साडी, एक आवडत्या रंगाची चांगली साडी, कामाचे दोन-तीन जोड आणि मापाचे ब्लाऊज एवढे असले तरी बाई कुठेही ताठ मानेने जाऊ शकते.

नवरेमंडळींनी बायकोला "ढोली", "म्हैस" अशी हाक गमतीनेही मारू नये. तुमची गंमत पोरे ऐकतात आणि उद्या तीच आईला म्हणतात. सासूबाईंनी सुनेच्या ताटाकडे बोट दाखवू नये. आणि आपण बायकांनीही एकमेकींना भेटल्यावर "किती सुटलीस गं!" हे पहिले वाक्य सोडून द्यावे. त्याऐवजी "बरी आहेस ना?" असे विचारावे.

शेवटी, ज्या भगिनीसाठी हे लिहिले तिला एवढेच सांगणे. या आठवड्यात पेटी उघडा. न होणारे ब्लाऊज एका बाजूला काढा. त्यांतले कोणते उसवून मोठे होतील ते पाहा. एका साडीचा ब्लाऊजपीस न कापता ती नेसून पाहा आणि निऱ्या मोजा. परकराची जुनी नाडी ओढून काढा आणि रुंद पट्टा शिवायला टाका. पुढच्या कार्यक्रमाला तुमच्या आवडत्या रंगाची साडी नेसून पुढच्या रांगेत बसा. तिथे तुमची जागा आहे, आणि ती कुणाच्या मापाने ठरलेली नाही.

जयभीम.